रुखसत की पळवाट?

जुलै महिना लागला की आमच्या उर्दू शाळेच्या फाटकाशी जुने विद्यार्थी दिसू लागतात. शाळा सोडून दोन-तीन वर्षे झालेली असतात. मुलांना मिसरूड फुटलेली असते, मुलींच्या हातात कॉलेजच्या प्रवेशाची फाइल असते. सलाम करतात, जरा वेळ उभे राहतात आणि मग म्हणतात, "आपा, एक काम था." काम बहुधा एकच असते. फॉर्म भरायचा आहे, विषय निवडायचे आहेत. घरात विचारावे असे कोणी नाही. अब्बांचे शिक्षण चौथी-पाचवीपर्यंतचे, अम्मीचे त्याहून कमी. म्हणून शाळेतल्या आपाकडे यायचे.

२०२४ पासून या कामात एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. "आपा, ओपन इलेक्टिव्ह में सबसे आसान कौनसा है?"

ज्यांच्या घरी सध्या कॉलेजात जाणारे कोणी नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आले. महाराष्ट्रात ते स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि विद्यापीठांशी संलग्न असलेल्या सर्वसाधारण महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले. आमच्या पुसदची महाविद्यालये संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठात येतात, त्यांनाही ते लागू झाले. आता विद्यार्थ्याचा एक मुख्य विषय असतो, त्याला मेजर म्हणतात. एक दुय्यम विषय असतो, तो मायनर. त्याशिवाय ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे खुला ऐच्छिक विषय. त्याची अट अशी की तो आपल्या शाखेबाहेरचाच असला पाहिजे. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने साहित्य किंवा इतिहास घ्यावा, कलाशाखेच्या मुलीने संगणक किंवा हिशेब शिकावा. सगळा हिशेब श्रेयांकांत होतो आणि साधारण पंधरा तासांच्या शिकवणीला एक श्रेयांक मिळतो. हेतू चांगला आहे. माणसाने आपल्या विहिरीबाहेरचे पाणीही चाखावे.

पण मुलांनी त्यातून पहिली गोष्ट शोधली ती ही, की कोणत्या विषयाला हजेरी लागत नाही, कोणत्या विषयाचा पेपर घरचाच असतो आणि कोणते सर हात सैल सोडून गुण देतात.

यात आपल्याच मुलांना नावे ठेवायचे कारण नाही. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात चार्ल्स इलियट १८६९ मध्ये अध्यक्ष झाले आणि चाळीस वर्षे त्या पदावर राहिले. ठरावीक विषयांची सक्ती त्यांनी हळूहळू काढून टाकली आणि विद्यार्थ्यांना हवे ते विषय निवडण्याची मोकळीक दिली. माणूस स्वतः निवडतो तेव्हाच मन लावून शिकतो, अशी त्यांची श्रद्धा होती. पुढे तक्रार सुरू झाली की विद्यार्थी सोपे सोपे विषय वेचून पदवी घेऊन जातात. १९०९ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या लॉवेल यांनी मग चौकट आखून दिली: एका विषयात खोल उतरा आणि बाकीचे विषय निरनिराळ्या शाखांतून घ्या. आज आपल्याकडे मेजर आणि ओपन इलेक्टिव्ह अशी जी मांडणी आली आहे, तिचे मूळ अशाच अनुभवात आहे. तेव्हा हार्वर्डच्या मुलांनी जे केले ते पुसदच्या मुलांनी केले तर नवल नाही. वाट दिसली की पाय उताराकडे वळतात.

नवल मला माझ्या उत्तराचे वाटले.

एका संध्याकाळी दोन मुले पाठोपाठ आली. दोघेही माझ्या एकाच वर्गातले, दोघेही बी.कॉम.ला. पहिल्याचे वडील बसस्थानकाजवळ फळांची गाडी लावतात. तो सकाळी कॉलेज करतो आणि दुपारी बारापासून रात्री नऊपर्यंत दुचाकीच्या गॅरेजमध्ये काम करतो. त्याच्या नखांतले ऑइल फॉर्मवरही उमटले होते. दुसऱ्याचे दुकान आहे, घर आहे, बुडाखाली गाडी आहे. त्यानेही तेच विचारले आणि वर म्हणाला, "टेन्शन नको आपा, बस पास हो जाए." मी दोघांनाही एकच विषय सांगितला. दोघेही खूश होऊन गेले.

रात्री इशाच्या नमाजनंतर मात्र ते उत्तर मला सलू लागले. दोघांचा प्रश्न शब्दाला शब्द सारखा होता. तरी तो एकच प्रश्न नव्हता, हे मनाला कळत होते. फरक कुठे होता?

उत्तर मला आपल्याच घरात सापडले. आपल्याकडे लहानपणी मौलवीसाहेब दोन शब्द शिकवतात, अज़ीमत आणि रुखसत. अज़ीमत म्हणजे मूळ हुकूम, तो पूर्ण पाळण्याचा निर्धार. रुखसत म्हणजे अडचणीतल्या माणसाला दिलेली सवलत. मुसाफिराला चार रकात फर्जऐवजी दोन रकात, म्हणजे क़स्र. आजारी माणसाला रोजा सोडण्याची मुभा. पाणी मिळत नसेल तर वजूऐवजी तयम्मुम. दीन माणसाला सोपा करून दिला आहे. जो स्वतःवर नाहक कठोर होतो त्याचे कौतुक आपल्याकडे नाही. म्हणून सोपे ते पाप आणि अवघड ते पुण्य असा हिशेब मला मान्य नाही. काही शिक्षक तसा हिशेब मांडतात. मुलगा रडला म्हणजे शिकला असे त्यांना वाटते.

पण रुखसतीच्या तीन खुणा आहेत. तिच्यामागे खरी अडचण असते. अडचण असेल तोवरच ती असते: घरी परतल्यावर क़स्र संपते, पाणी मिळाले की तयम्मुम तुटतो, आजारी माणूस बरा झाला की राहिलेल्या रोजांची क़ज़ा करतो. आणि तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची, मूळ गोष्ट सुटत नाही. दोन रकात झाल्या तरी ती नमाजच असते, तोंड क़िब्ल्याकडेच असते.

या तीन खुणा मी त्या दोन मुलांना लावून पाहिल्या. गॅरेजमधला मुलगा मुसाफिर आहे. त्याच्या डोक्यावर ओझे आहे आणि त्याने एका विषयात क़स्र केली तर वाचलेली ताकद तो मेजरच्या अभ्यासाला लावील, निदान झोपेला तरी. दुसरा घरी गादीवर बसून क़स्र पढतो आहे. मी मात्र दोघांना एकच फतवा देऊन मोकळी झाले.

फिक़्हच्या जुन्या विद्वानांनी या प्रवृत्तीला नावही देऊन ठेवले आहे, ततब्बु-ए-रुखस. म्हणजे सवलतींचा पाठलाग करणे. हनफी मसलकातली एक सोपी गोष्ट घ्यायची, शाफई मसलकातली दुसरी, मालिकींकडची तिसरी, आणि या सगळ्यांची गोधडी शिवून आपल्या सोयीचा दीन बनवायचा. प्रत्येक ठिगळ एकेका मोठ्या इमामाच्या अंगरख्याचे असते, तरी गोधडी कोणाच्याच अंगाला येत नाही. उलेमांनी यावर कडक टीका केली आहे. त्यांचा आक्षेप सवलतीवर नव्हता. सवलतीलाच क़िब्ला करण्यावर होता.

पदवीचेही तसेच होते. एका सहामाहीत हा सोपा, पुढच्या सहामाहीत तो सोपा. प्रत्येक विषय विद्यापीठाने मान्य केलेला, प्रत्येक श्रेयांक कायदेशीर. तीन वर्षांनी हातात पदवी येते आणि आत पाहावे तर कोणताही विषय राहिलेला नसतो.

इथे कोणी विचारील, की दुसऱ्या मुलाचीही काही अडचण असेल, ती तुम्हाला काय ठाऊक? रास्त आहे. घरात पैसा असणाऱ्या मुलाच्या मनातही ओझे असू शकते. इमाम बुखारींनी आपला संग्रह नियतीच्या हदीसने सुरू केला आहे. नियत कॉलेजच्या फॉर्मवर दिसत नाही. म्हणून न्यायनिवाडा करणे माझे काम नाही. पण विचारणे माझे काम होते. "सोपा कशासाठी हवा, बेटा?" एवढेच विचारायचे होते. ते मी विचारले नाही, कारण मला घरी जायची घाई होती. म्हणजे त्या संध्याकाळी सोपा पर्याय तिसऱ्या माणसानेही निवडला होता आणि ती मी होते.

आणि माझ्यासाठी ती पहिली वेळ नव्हती.

मी स्वतः बारावी आणि बी.ए. उर्दू घेऊन केले. उर्दूवर प्रेम होते म्हणून घेतले असे आजवर सर्वांना सांगत आले. खरे कारण असे की घरात बोलतो तीच भाषा, गुण हमखास पडतात, असे मोठ्या बहिणीने सांगितले होते. अभ्यासक्रमात मीर होते, ग़ालिब होते, मौलाना आज़ाद होते. मी त्यांना भेटलेच नाही. त्यांच्यावरच्या अपेक्षित प्रश्नांना तेवढी भेटले. दहा प्रश्न पाठ केले, त्यांतले सहा आले, चांगले गुण पडले. मग बी.एड. झाले, नोकरी लागली. एके दिवशी आठवीच्या एका मुलीने धड्यातल्या शेराबद्दल विचारले, "आपा, शायर ने ऐसा क्यों कहा?" अर्थ मला पाठ होता. ‘का’ माहीत नव्हते. त्या दिवशी कळले की सोपा विषय अशी काही वस्तू जगात नसते. सोपी परीक्षा असते. उर्दू सोपी आहे असे म्हणणाऱ्याने उर्दूचा अपमान केलेला असतो. समुद्राच्या काठावर पाय भिजवून परत आलेल्या माणसाने समुद्र घोट्याएवढा आहे असे सांगावे, तसे ते आहे.

हे झाले घेतलेल्या विषयाचे. टाळलेल्या विषयाची गोष्ट याहून वाईट आहे.

जिथे जिथे टाळता आली तिथे मी मराठी टाळली. बाजारात, एस.टी.त, शेजारणीशी वऱ्हाडी मराठी बोलत होतेच. लिहायची मात्र भीती. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, कोणी हसेल. पुसद हे महाराष्ट्राला वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक असे दोन मुख्यमंत्री देणारे गाव. इथला कारभार, कचेरी, कोर्ट, बँक सगळे मराठीत. त्या गावात जन्मून मी मराठी लिहिण्याला वळसा घालत पदवीपर्यंत पोहोचले. कोणी अडवले नाही, कारण मी काहीच बेकायदा करत नव्हते.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या शिष्यवृत्तीच्या कागदांत नावाची चूक निघाली. आईचे नाव एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरे. दुरुस्तीसाठी मराठीत अर्ज लिहायचा होता, जेमतेम पंधरा ओळींचा. वर्गशिक्षिका मी. मी लिहायला बसले आणि दोन ओळींनंतर थांबले. एका सहकाऱ्याकडून लिहून घेऊ म्हटले. तो रजेवर होता. दुसऱ्याला सांगायची लाज वाटली. आज-उद्या करत चार दिवस गेले आणि मुदत संपली. त्या वर्षी त्या मुलीला शिष्यवृत्ती मिळाली नाही. तिच्या अम्मीने मला बोलही लावला नाही. "नसीब में नहीं था," म्हणाली. मी मान हलवली. नसिबाच्या माथी मारून मीही सुटले.

पण ते नसीब नव्हते. बारा वर्षांपूर्वी मी जो विषय सोपा नाही म्हणून सोडला होता, त्याची ती किंमत होती. आणि ती मी भरली नाही, तिने भरली. मला या साऱ्या प्रकरणात सांगायचे आहे ते एवढेच. आपण सोपा पर्याय घेतो तेव्हा वाटते की नुकसान झालेच तर आपले होईल, आपला मामला आहे. पुष्कळदा तसे नसते. बिल फिरत फिरत भलत्याच्या दारी जाते आणि तो बहुधा आपल्याहून गरीब असतो.

इमाम गझाली बगदादच्या निज़ामिया मदरशात शिकवत होते, अकराव्या शतकाच्या अखेरीस. त्यांच्या ‘इह्याउल उलूम’ या ग्रंथाचा पहिला भागच इल्मबद्दल आहे. त्यात ते इल्मचे दोन प्रकार सांगतात. एक फर्ज-ए-ऐन, जे प्रत्येकाला आलेच पाहिजे. दुसरे फर्ज-ए-किफाया, जे समाजात काही जणांना तरी आलेच पाहिजे. कोणीतरी शिकले तर सगळे सुटले, कोणीच शिकले नाही तर सगळे गुन्हेगार. वैद्यक आणि हिशेब हे त्यांनी या दुसऱ्या प्रकारात घातले. आणि मग ते एक तक्रार करतात, जी वाचून मी थक्क झाले. कित्येक शहरांत मुसलमान वैद्य सापडत नाही, जो आहे तो दुसऱ्या धर्माचा, आणि सगळी मुले मात्र फिक़्हच्या वादविवादांकडे धावतात. का? तर वैद्यकाने वक़्फची व्यवस्था, काज़ीचे पद, अधिकार हाती येत नाहीत. फिक़्ह श्रेष्ठ हे खरे, पण धावणाऱ्यांचे कारण ते नाही, असे गझाली बजावतात. नऊशे वर्षांपूर्वीच्या बगदादमध्येही विद्यार्थी विषय निवडताना ‘यातून काय पडेल?’ एवढेच विचारत होते आणि एक शिक्षक त्याने अस्वस्थ होत होता.

फर्ज-ए-किफाया ही कल्पना मला या प्रश्नाची किल्ली वाटते. एका मुलीने गणित सोडले तर तो तिचा प्रश्न. एका वस्तीतल्या सगळ्याच मुलींनी दहा वर्षे गणित सोडले तर त्या वस्तीच्या शाळेला गणिताची आपा मिळणार नाही, आणि मग पुढच्या मुलींना गणित खरोखरच अवघड जाईल. एकेकटीची निवड निर्दोष असते, बेरीज मात्र दोषी निघते. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवले होते की देशातील नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या पंचवीस विद्यार्थ्यांमागे एकच मुसलमान आहे आणि पदव्युत्तर वर्गात पन्नासांमागे एक. या आकड्याची कारणे अनेक आहेत. गरिबी आहे, भेदभाव आहे, अंतर आहे. पण जो एक जण तिथवर पोहोचतो, तो मागे राहिलेल्या अनेकांच्या वतीने पोहोचतो. त्याची निवड फक्त त्याची राहत नाही. हे ओझे अन्यायाचे आहे हे मला मान्य. पण ते आहे.

दुसरी एक आठवण अशा वेळी मला फार शरमवते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये होते तेव्हा त्यांना संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते शिकू दिले गेले नाही. नाइलाजाने त्यांना फारसी घ्यावी लागली. ती त्यांनी अशी घेतली की पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात बी.ए.लाही त्यांचे विषय इंग्रजी आणि फारसी होते. आणि संस्कृत? नाकारलेले संस्कृत त्यांनी पुढे आपल्या कष्टाने मिळवले. म्हणजे न मागता पदरी पडलेला विषयही त्यांनी मन लावून केला आणि मागूनही न मिळालेला विषय सोडला नाही. ज्यांच्यासाठी विषयाचे दार बंद होते अशी माणसे याच महाराष्ट्रात, थोड्याच पिढ्यांपूर्वी होऊन गेली. आमच्यासमोर दार उघडे आहे आणि आम्ही विचारतो, आत गेल्यावर बसायला खुर्ची आहे का?

आता दुसरी बाजू. ती मांडली नाही तर हा लेख पगारदार मास्तरणीचे प्रवचन होईल.

पहिली गोष्ट, आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी ‘खुला’ विषय कितपत खुला असतो? कागदावर शंभर विषय असले तरी कॉलेजात जे प्राध्यापक आहेत, ज्यांच्या तासिका रिकाम्या आहेत, त्यांचेच विषय मिळतात. दोन-तीनांतून एक उचलायचा. भूक लागलेल्याला दोन पदार्थांचा मेनू दाखवून तू निवडलेस असे म्हणणे सोपे आहे.

दुसरी गोष्ट, गुणांवरच पुढचे सारे ठरते. प्रवेश, शिष्यवृत्ती, भरतीची पात्रता. यादी लावणारा कोणी विचारत नाही की तुझे अठ्ठावन्न टक्के कोणत्या विषयातले आणि तिचे अठ्ठ्याहत्तर कोणत्या. अवघड विषय घेणाऱ्याला त्याच्या हिमतीचे गुण मिळत नाहीत. मग मुलांनी हिशेब केला तर त्यांना आळशी म्हणणे अन्यायाचे आहे. हा हिशेब त्यांना कोणी शिकवला? दरवर्षी जूनमध्ये शाळेच्या भिंतीवर आम्ही निकालाचा टक्का रंगवतो. कोणत्या मुलाने कोणता पल्ला गाठला ते रंगवत नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये आपल्या यवतमाळच्या अदीबा अनम केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत १४२ व्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या. रिक्षाचालकाची मुलगी, उर्दू शाळेतून शिकलेली. आमच्या गल्लीगल्लीत ईद झाल्यासारखे वाटले. दुसऱ्या दिवशी शाळेत आलेल्या पालकांचा पहिला प्रश्न होता, "सब्जेक्ट कोणता घेतला होता तिने?" किती वर्षे अभ्यास केला, किती वेळा पडली आणि उठली, हे नंतर. आधी विषय. जणू विषयातच काही जादू होती.

तिसरी गोष्ट, आम्ही शिक्षक तरी निराळे कुठे आहोत? १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या, सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला गेला, पण धाक सगळ्यांनाच बसला. त्या आठवड्यात आमच्या शिक्षककक्षात चर्चा कसली होती? दुसरी भाषा म्हणून मराठी घ्यावी की इंग्रजी, कोणती सोपी जाईल? मीही त्या चर्चेत होते, आणि हिरीरीने होते.

म्हणून आता मी मुलांना उपदेश करत नाही. फक्त उत्तर द्यायच्या आधी तीन गोष्टी विचारते. सोपा विषय घेऊन जो वेळ वाचेल तो कुठे जाणार आहे? ही सवलत किती दिवसांची, एका सहामाहीची की कायमची? आणि जो विषय तू टाळतो आहेस, त्याची गरज उद्या तुला किंवा तुझ्या भरवशावर असलेल्या कोणाला पडली तर काय करशील? उत्तरे त्यांची त्यांनी द्यायची. मग ते म्हणतील तो विषय मी फॉर्मवर लिहून देते, सोपा असला तरी.

गॅरेजमधला मुलगा पुढच्या सहामाहीला पुन्हा आला. मी तिन्ही प्रश्न विचारले. तो हसला. "आपा, अभी तो आसान ही लिख दो. छोटी की शादी हो जाए, फिर देखेंगे." मी लिहून दिले. ती रुखसत होती, आणि ती देताना हात अडखळला नाही. दुसरा मुलगा परत आला नाही.

एका मुलीने मात्र माझे ऐकले. ती विज्ञान शाखेची, दहावीपर्यंत आमच्या शाळेत उर्दू माध्यमात शिकलेली. खुला विषय म्हणून तिने मराठी साहित्य घेतले. मैत्रिणींनी वेड्यात काढले. सहा महिने ती शब्द अडला की फोन करायची आणि कित्येक शब्द मलाही शब्दकोशात पाहावे लागायचे. निकाल लागला तेव्हा मैत्रिणींपेक्षा तिला त्या विषयात बरेच कमी गुण होते. गुणपत्रिका घेऊन ती घरी आली. डोळे भरलेले. "आपा, आप ने ही बोला था ना?"

माझ्याकडे तयार उत्तर नव्हते. तिचे नुकसान झाले होते, हे खरे होते. पुढे फायदा होईल असे सांगणे म्हणजे उधारीवर समजूत काढणे होते. मी चहा ठेवला आणि शिष्यवृत्तीच्या त्या अर्जाची गोष्ट तिला सांगितली. एखाद्या विद्यार्थिनीला मी ती पहिल्यांदाच सांगत होते. पंधरा ओळी, चार दिवस, संपलेली मुदत, आणि तिच्या अम्मीचे "नसीब में नहीं था." त्यानंतर मी पाचवीपासूनची मराठीची पुस्तके कपाटातून काढून कशी वाचली, वर्तमानपत्र मोठ्याने वाचून कशी शिकले, वयाच्या तिसाव्या वर्षी ऱ्हस्व-दीर्घ कसे गिरवले, तेही सांगितले. जे शब्द मला वीस वर्षांची असताना फुकट मिळत होते, ते मी उशिरा, एकेक करून, विकत घेतल्यासारखे घेतले. हा लेख त्याच शब्दांत लिहिते आहे.

ती शांतपणे ऐकत होती. गुणपत्रिका तिने घडी करून पर्समध्ये ठेवली. मग विचारले, "और आपा, उस लड़की का बाद में क्या हुआ?"

मला माहीत नव्हते. इतकी वर्षे मी माझ्या चुकीचे दुःख सांभाळून ठेवले होते, पण त्या मुलीचे पुढे काय झाले हे कधी विचारले नव्हते. चूक आठवत राहणे सोपे होते. तिच्या दारी जाणे अवघड होते.

चहा झाल्यावर आम्ही दोघींनी मिळून शाळेची जुनी नोंदवही उघडायची ठरवले.